तीन घरे उशिरा दिसलेला कण

प्रति,
मा. गुणवत्ता अधिकारी,
औषधी बाटल्या तपासणी विभाग.

विषय : 'तीक्ष्ण नजर' सन्मानचिन्ह परत घेऊन माझ्या जाऊबाईंना मेज क्र. ४ वर पुन्हा बसवण्याबाबत.
संदर्भ : जाऊबाईंना संथ कामाबद्दल दिलेले आपले ताकीदपत्र.

महोदय,

१. मी मेज क्र. ३ वर अकरा वर्षे दिव्यासमोर बसून, सरकत्या पट्ट्यावरच्या घरांतून पुढे जाणाऱ्या इंजेक्शनच्या बाटल्या तपासते. कण दिसला की बाटली बाजूला काढायची, पेटी भरली की तिच्यावर 'पाहिले' हा शिक्का मारायचा. त्याच बाटल्या पुढे मेज क्र. ४ वर माझ्या थोरल्या जाऊबाई दुसऱ्यांदा पाहत.

२. फेब्रुवारीपासून मी खचलेल्या मनावरची गोळी घेते. रडे थांबले, जेवण जाऊ लागले. परंतु नजर मंदावली. कण डोळ्यांना दिसतो, पण तो मला कळेपर्यंत बाटली तीन घरे पुढे गेलेली असते. सुरुवातीला मी त्या क्षणी समोर असेल तीच उचलत असे, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मग अंदाजाने पुढची तिसरी उचलू लागले, तर गुन्हेगार कधी चौथी निघे.

३. जाऊबाईंच्या हे आठ दिवसांत लक्षात आले. त्या एवढेच म्हणाल्या, "तू बस. तुझं मी बघते." माझे सुटलेले कण वेचताना त्यांचा वेग घटला. ताकीद त्यांना मिळाली आणि सन्मान मला. आपण घेतलेल्या नजरेच्या परीक्षेपूर्वी मी गोळी दोन आठवडे कोणालाही न विचारता बंद ठेवली होती, म्हणून आपण लपवलेल्या वीसही सदोष बाटल्या मला सापडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत जाऊबाई होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, तरी मी हसून फोटो काढून घेतला.

४. सोमवारपासून त्या पुठ्ठ्यांच्या घड्या घालतात व मेज क्र. ४ रिकामे आहे. माझे तीन दिवसांचे काम दुसऱ्या कोणीही पाहिलेले नाही. त्या पेट्या कृपया गोदामातच थांबवाव्यात. त्यातले औषध कोणाच्या तरी शिरेत जाणार आहे.

५. गोळी सोडा, असे मात्र सांगू नये. त्या दोन आठवड्यांत मला प्रत्येक कण दिसत होता, पण सकाळी उठायचे कशासाठी ते दिसत नव्हते. पुठ्ठ्यांवर मला बसवावे.

६. स्वतःच्या नजरेचा भरवसा नाही, म्हणून अर्ज जाऊबाईंकडून वाचून घेतला. त्यांनी तिसरा परिच्छेद खोडायला सांगितले. मी तो खोडलेला नाही.

आपली खजील व नम्र,
तपासणीस, मेज क्र. ३
दिनांक : १७ ऑगस्ट

सोबत :
१) सन्मानचिन्ह
२) डॉक्टरांची चिठ्ठी
३) माझा 'पाहिले' शिक्का. या अर्जावर तो शेवटचा मारला आहे, जाऊबाईंच्या हातून.