डॉक्टर म्हणाले, तोंड उघड

गोडादरा, सुरत

प्रिय गायत्री,

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून लिहितेय. लखनमामा सांगतो, तू जेवतेस, मामीला कामात मदत करतेस, पण आमचं नाव निघालं की उठून जातेस. डॉक्टरांनी सांगितलेला तोंडाचा व्यायाम करतेस की नाही, ते त्यालाही माहीत नाही.

दवाखान्यातला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुला तिखट सोसेना म्हणून आम्ही दोघं तुला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, तोंड उघड, आणि तुझी दोन बोटंसुद्धा आत जाईनात. तंबाखू-सुपारीचा मावा कधीपासून खातेस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला विचारतायत. तू मान खाली घालून म्हणालीस, "सुट्टीत साड्यांना खडे चिकटवायला जायचे तेव्हापासून. तिथं सगळ्याच मुली खातात." घरात कोण खातं, असं विचारल्यावर मात्र तू सरळ पप्पांकडे बघितलंस. "पप्पा. त्यांचा मावा पानाच्या गल्ल्यावरून मीच आणते. लहान होते तेव्हापासून."

घरी आल्यावर पप्पांनी हात उगारला. मैत्रिणींनी बिघडवली म्हणाले, तेव्हा त्यांच्या गालात मावा होताच. तू मागं सरली नाहीस. "आधी तोंडातलं थुंका, मग मारा," म्हणालीस. मी मधे पडले म्हणून तेवढ्यावर निभावलं. बारावीचं वर्ष असून दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला मामाकडे नंदुरबारच्या गाडीत बसवलं.

तू गेलीस आणि पप्पांनी मावा सोडला. मला सांगितलं नाही, त्यांच्या चिडण्यावरून कळलं. मावा नसला की कारखान्यात मशीनवर उभ्या उभ्या डोळे मिटायचे. शेजारच्या कारागिराशी भांडले, शेठनं कामावरून काढायची धमकी दिली. एकदा चूळ भरताना मोरीत रक्त दिसलं. विचारलं तर म्हणाले, ब्रश लागला. मग एका दुपारी पाळी सोडून एकटेच त्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मी ताट वाढलं, तर त्यांनी ते न खाताच बाजूला सारलं.

गायत्री, त्यांच्या गालात गाठ आहे. तुकडा तपासायला दिला होता, कॅन्सर निघाला. सोमवारी ऑपरेशन आहे. जिभेचाही थोडा भाग काढावा लागेल. नंतर नीट बोलता येईल का, हे डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत. काल पप्पा म्हणाले, "पोरले बलाव. मन्ही चूक व्हयनी, हाई माले मन्हा तोंडे सांगनं शे." चूक झाली, हे त्यांना स्वतःच्या तोंडानं तुला सांगायचंय. सुषमामावशी नंदुरबारला येतेय, तिच्याच हाती ही चिठ्ठी देतेय. त्यांना माफ कर, असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. पण रविवारपर्यंत ये, त्यांना बोलता येतंय तोवर.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई