प्लायवुडची गोदी

३ फेब्रुवारी
ह्यांचा फोन. मुंबईच्या गोदीतलं शूटिंग लांबलंय म्हणे, अजून पंधरा दिवस! "समुद्राचा वारा फार खारट गं, अंग नुसतं चिकचिकतं." मला मेलीला दया आली.

८ फेब्रुवारी
शेजारची वैशाली शूटिंगला माणसं पुरवते. जुन्या गोदीवरच्या कोळणी म्हणून उभं राहायला नऊवारी नेसणाऱ्या बायका हव्यात. इथे हैदराबादेत, काचीगुड्यात अशा उरल्यात किती! "काकू, चला ना, मज्जा येते." हो म्हटलं. ह्यांना सांगितलं नाही — घरी आले की चकित करीन!

१० फेब्रुवारी


शहराबाहेर तळ्याकाठी अख्खी गोदी उभी केलीय. प्लायवुडची क्रेन, रंगवलेलं अर्धं जहाज. मी कौतुकाने म्हटलं, आमच्या ह्यांचीही गोदीच, पण खरी, मुंबईतली. आम्हाला आणणारा गाडीवाला हसला. "बंबई में परमिशन मिलीच नै अम्मा. पूरी पिक्चर इदरीच बन रई."

तेवढ्यात भोंग्यावर आवाज — "टोकरीवाली अम्मा, पीछे हो जाओ!" तीस वर्षं ऐकलेला आवाज. समोर हे! माझ्या तोंडाला मेकअप थापलेला, डोक्यावर टोपली. ओळखलं नाही मला. मी मागे झाले.

संध्याकाळी फोन. "आज भरती होती, काम बंद पडलं." बरं म्हटलं आणि ठेवला.

११ फेब्रुवारी
काल परतताना गाडीवाल्याला ह्यांच्याविषयी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. "हेमंत सर? रोज घर कू छोड़ता मैं. तारनाका." तारनाका म्हणजे ह्याच शहरात! वर गल्ली, इमारत, सगळं सांगितलं.

घर! मग काचीगुड्यातलं हे कुणाचं? फसवायचं तर फसवा, पण तो खारट वारा कशाला रचायचा? मी इथे ह्यांच्या अंगाला घामोळं आलं असेल म्हणून हळहळतेय! चीड येते, रडू येतं, त्याहून जास्त लाज वाटते.

आदित्यला सांगावं का? कोणत्या तोंडाने! माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून दोन वर्षं पोटच्या पोराचं नाव मी घरात काढू देत नाही.

१२ फेब्रुवारी
गेले. बेल दाबली. काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं.

दार आदित्यने उघडलं. कडेवर बाळ — चांगलं बसतं झालेलं! मागे हे, हातात दुपटं. "तुला सांगायचं धाडसच झालं नाही," म्हणाले.

बाळाचं नाव मला विचारावं लागलं.