बोटं उमटत नाहीत

१२ जानेवारी, सोमवार
बोटं उमटत नाहीत! मुंबईला व्हिसाच्या ऑफिसात चार वेळा काचेवर हात ठेवला. चारी वेळा लाल दिवा. तिथली मुलगी वैतागली — "आंटी, जोरात दाबा ना!" दाबली. शेवटी ओल्या कपड्यानं पुसून कशीतरी घेतली. "फिकी आहेत, पण चालतील," म्हणाली.
चालू देत. विपुल सात तारखेला जहाजाच्या परांचीवरून पडला. तेव्हापासून डोळे मिटून पडलाय. एकुलता एक पोरगा, आणि तो परदेशात कामाला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "आईला पाठवा. ओळखीचा आवाज ऐकला की फरक पडतो."

१६ जानेवारी, शुक्रवार
व्हिसा आला. उद्या विमान. तरी सकाळी बोईसरच्या बाजारात बसलेच — इथं पालघरच्या माहीमला घरात बसून करू काय? टोपलीभर कोळंबी सोलली.

१८ जानेवारी, रविवार
तिकडच्या विमानतळावर एका खोलीत लिहितेय. खिडकी नाही. पासपोर्ट, फोन, सगळं त्यांनी नेलंय. वही तेवढी ठेवली.
दोन तास रांगेत उभी होते. आधी तोंडाचा फोटो. मग बोटं. लाल. पुसून परत — लाल. मागची माणसं पुढं निघून गेली आणि मला बाजूला घेतलं. साहेब काय बोलतो ते कळेना. मग एक सफाईवाली बाई बोलावली, हिंदी येणारी. ती म्हणाली, "अम्मा, ये बोल रहे हैं, कागज पे जिसकी उँगली है, वो आप नहीं हो."
मी नाही तर कोण!
विपुलचा फोटो दाखवला. आधार कार्ड, कंपनीचं पत्र. साहेबानं पत्र वाचलंसुद्धा. मग प्रश्न — इथं कामाला आलात का? कोणी पाठवलं? परत कधी जाणार? तीन साहेब आले, तिघांनी तेच विचारलं. बॅग उपसली. विपुलला आवडतात म्हणून आणलेले सुके बोंबील कचऱ्यात.
हॉस्पिटल इथून चाळीस मिनिटांवर. बाईच म्हणाली. चाळीस मिनिटं! माहीमहून बोईसरला जायला लागतात तेवढी.
मी म्हटलं, पोलीस बरोबर द्या, बेड्या घाला. एकदा बघू द्या, मग खुशाल परत पाठवा. बाईनं सांगितलं त्यांना. साहेबानं घड्याळ बघितलं.

१९ जानेवारी, सोमवार
परत आले. चौदा तास बसवलं आणि उलट्या विमानात घातलं. पासपोर्ट विमानातल्या माणसाकडं दिला, माझ्याकडं नाही. मी काय चोर हाय?

२१ जानेवारी, बुधवार
सलोनी पालघरला कातडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. माझ्या जावेची, कमळीची पोर. कॉलेजात आहे, माझे सगळे फॉर्म तीच भरते. डॉक्टरांनी भिंगातून बोटं बघितली.
"मासळी किती वर्षं करता?"
"तीस तरी झाली."
"बर्फ, मीठ, कोळंबीचं पाणी. रेषा झिजल्यात. तीन-चार आठवडे ओल्यात हात घालू नका. थोड्या भरून येतील."
तसं लिहूनही दिलं. तीन-चार आठवडे! विपुलकडं तेवढे हायत का, ते कोणी लिहून देत नाही.
कमळी म्हणाली, "टोपली मी नेते. तू भांड्यालापन हात लावू नको."

२७ जानेवारी, मंगळवार
रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आहे. रोज जाते. धर्मेशला सांगितलं, बाबा, धान्य नको, नुसता अंगठा बघ. बिचारा बघतो. "नाय काकी. आज पन नाय." रांगेतले हसतात. हसू देत.
बोटांना तूप चोळते, हातमोजे घालून बसते. नर्स रोज फोन विपुलच्या कानाला लावते. काय बोलायचं? सगळं सांगून झालं. आज नुसती आपल्या बंदरातल्या बोटींची नावं घेत गेले, एकामागून एक.

३ फेब्रुवारी, मंगळवार
नाय.

७ फेब्रुवारी, शनिवार
आज राहवेना. कमळीनं आणलेलं पापलेट उचललं, कोयता घेतला. सलोनीनं ओरडून हातातून ओढलं — "काकी! इतके दिवस पानी शिवली नायस, आणि आज?"
मग दोघी रडलो.
त्याला कुशीवर वळवतात का? पडून पडून पाठीला जखमा होतात म्हणे. कोण बघतं तिकडं? नर्सला विचारलं की "ठीक है, ठीक है" एवढंच.

११ फेब्रुवारी, बुधवार
उमटला!! धर्मेश मशीन हातात घेऊन दुकानाबाहेर आला — "काकी, हिरवा! बघा, हिरवा!" रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. सलोनी मला घेऊन तशीच मुंबईला निघाली.

१६ फेब्रुवारी, सोमवार
व्हिसा झाला. या वेळी डॉक्टरांचं पत्र, त्याचं भाषांतर, त्याच्यावर शिक्के. आणि दुपारी नर्सचा फोन — विपुलनं डोळे उघडले! थोडं थोडं बोलतोयसुद्धा! पायरीवरूनच सगळ्या आळीला ओरडून सांगितलं. कमळीनं धरून घरात नेलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
सोडलं. पाच तास, तीच रांग, तेच प्रश्न — पण सोडलं. तशीच हॉस्पिटलात गेले.
विपुल उशीला टेकून बसला होता. हाक मारली. हात धरला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हळूच हात सोडवून घेतला आणि अदबीनं, हिंदीत विचारलं —
"आप कौन हैं?"