एउदोमारचा अडकलेला व्यवहार

कबीमास, ३ मार्च

आज शेजारच्या एउदोमारचा व्यवहार दाबून ठेवला. इथंच लिहिते — दुसऱ्या कुणाला सांगायची छाती नाही.

गावात आमच्या डिजिटल नाण्याची यंत्रं पाच. व्यवहार आला की बाकी चौघांना लगेच कळवायचा, हा शिरस्ता. मग ज्याचं यंत्र तो आधी पक्का करेल, पैसे पाठवणाऱ्यानं ठेवलेली बक्षिशी त्याची. एउदोमारचा फोन माझ्या यंत्राला जोडलेला, म्हणून पहिल्यांदा मलाच कळलं. बक्षिशी नेहमीच्या दसपट! ओतिलिओचं यंत्र नवं, दणकट. त्याला कळवलं की गेलीच. माझ्या खटाऱ्याचा नंबर उद्यापर्यंत लागेल. एका दिवसानं कुणाचं काय बिघडतंय?

४ मार्च

सकाळी त्यानं बक्षिशी आणखी वाढवली. वेडा! तो जितकी वाढवतोय तितकी माझी मूठ आवळतेय.

दुपारी स्वतःच आला. आईसाठी ऑक्सिजनचं नळकांडं मागवलंय, पैसे पोचल्याशिवाय माराकायबो शहरातला दुकानदार पाठवत नाही म्हणाला.

"मावशी, तुमच्याकडनं पुढे गेलं ना?"

"गेलं की कालच."

तोंडातून निघून गेलं! तो वळल्यावर यंत्राकडे धावले — आणि वीज गेली.

५ मार्च

वीज नाही. ओतिलिओकडे जनरेटर आहे. एउदोमारला तिकडे पाठवलं असतं तर तासात काम झालं असतं. पण मग माझं खोटं उघडं पडलं असतं. तो दोनदा आला. मी दार उघडलं नाही.

६ मार्च

वीज आली. आधी व्यवहार चौघांना धाडला. ओतिलिओच्या यंत्रानं दहा मिनिटांत पक्का केला. दहा मिनिटं! पण एउदोमारच्या आईला, एदिक्ताबाईंना, पहाटेच इस्पितळात नेलंय.

८ मार्च

ओतिलिओच्या अंगणात पाचही यंत्रवाल्यांची बैठक. मीच सुचवलं — बक्षिशी एकट्याला नको, व्यवहार पुढे धाडणाऱ्यालाही त्यातला वाटा द्यावा. मग दाबून ठेवण्यात कुणाला फायदा उरणार नाही.

ओतिलिओनं डोळे बारीक केले. "का गं नेरेइदा, कुणी दाबतं का?"

माणसाचा काय भरवसा, म्हटलं. सगळे हसले. पाचही हात वर.

हा नियम मी सुचवला, हे एउदोमारला कळलं. इस्पितळातून येताना मुद्दाम थांबून आभार मानून गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला खरं सांगायलाच हवं.

९ मार्च

नाही सांगितलं.

११ मार्च

नव्या नियमाचा पहिला वाटा आज माझ्या नावावर जमा झाला. व्यवहार एउदोमारचा. शवपेटीचा.