जिन्याखालचं सहावं पिंप

मंगळवार, ९ जून

प्रिय हुंग्या,

ताईचे आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसले. वाजणारा फोन बंद करायला एक बोट पुरतं, पण पत्र न वाचता फाडायचं तर मन घट्ट करावं लागतं. तुझं मन किती घट्ट आहे ते मला तू चड्डीत होतास तेव्हापासून माहीत आहे.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय, म्हणून ती दिवसातून चार वेळा गच्चीवर जाऊन येते. परवा तुझा विषय निघाला. औषध, चपला, नवं पुस्तक, पाहुण्यांच्या पिशव्या, जे हाती येईल ते तू आधी नाकाला लावायचास, म्हणून हुंग्या हे नाव तिनेच ठेवलं, असं ती शेजारणीला सांगत होती. नाव मी ठेवलं होतं. पण म्हातारीशी वाद घालून कुणाचं निभावलंय.

तुझं रंगाचं दुकान कसं चाललंय? आई सांगत होती, गिऱ्हाइकाने पुस्तकातला रंग दाखवायचा, तू यंत्रात आकडा दाबायचास, की डबा तयार. चुकायचा प्रश्नच नाही, असं तू तिला अगदी समाधानाने म्हणालास म्हणे. ते ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला.

पत्र लिहायला कारण आहे, पण ते जरा आडून आडून येणार आहे, तेव्हा आधी कामाचं सांगते.

गेल्या सोमवारी कारखान्यात पिंपांच्या खोलीला चुना काढायचा होता. जिन्याखाली रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले असायचे ना, ते हलवले, तर मागून एक लाकडी पिंप निघालं. तोंडावर खडूने लिहिलेला ‘६’, आणि तो ‘६’ तुझ्या हातचा, पोटाला खळी पडलेला. तुझ्या आंबट बिअरची सहाही पिंपं दोन वर्षांपूर्वी गटारात गेली असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तू तर तिसरं ओतत असतानाच एप्रन खुंटीला लावून निघून गेलास. नंतर क्रेट हलवायचा कंटाळा करून पाचावरच कोण थांबलं, ते आता विचारण्यात अर्थ नाही. त्या आळशी माणसाचे पाय धरावेसे वाटतात.

चव बघायसाठी पिंपाच्या तोंडाला ठोकलेला खिळा काढला, बारीक धार ग्लासात धरली आणि आत हवा जायच्या आधी खिळा परत ठोकला. दोन वर्षांपूर्वी बिअरला धरलेली चिकट तार आता कुठेच नव्हती. तेव्हा ग्लास वाकडा केला की साखरेच्या पाकासारखी ओघळणारी तीच बिअर आता पातळ, नितळ, जुन्या पितळेच्या रंगाची झाली होती. पहिला घोट मी मोजला नाही. आंबटाने जीभ दचकते, तिला आधी सावरू द्यायचं. दुसऱ्या घोटाला लिंबाची साल आली, तिच्यामागे कच्चं सफरचंद. गिळल्यावर वाळलेलं गवत, चामडं आणि लाकडाचा अगदी हलका तुरटपणा. आणि सगळ्यात शेवटी तुझा घोडा. ‘घोड्याच्या पांघरुणाचा वास’ असं पुस्तकात वाचून तू सुट्टीच्या दिवशी तबेल्यात जाऊन खरा घोडा हुंगून आला होतास, आणि त्याने तुझी बाही चावली होती. तोच वास, पण इतका बेताचा की शोधला तरच सापडावा. आंबटपणा कुठेही बोचत नव्हता. तो घशाखाली उतरला आणि तोंडाला पाणी सुटलं, म्हणून मी आणखी एक घोट घेतला आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

तेरा वर्षांत माझ्या हातून असं काही झालेलं नाही. हे तुझं आहे.

तू तेव्हा मला सांगितलं होतंस, "ताई, बिघडली नाहीये, आजारी आहे. सहा महिने हात लावू नकोस." आणि मी कागदावर लिहिलं, ‘बिघडली. ओतून द्यावी.’ चव ठरवायचं काम माझं, सही माझी. चूक झाली रे. माणसाच्या हातून होते.

आता घाईचं. मालकांनी मोठ्या टाकीत झटपट आंबवलेली बिअर करून ठेवली आहे, तिला नुसता आंबटपणा आहे, चव म्हणून नाही. तुझं पिंप तिच्यात ओतून तिला जरा वर काढायचं असं त्यांनी ठरवलंय, येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या. मी म्हटलं, हे वेगळं बाटल्यांत भरू. ते म्हणाले, "एका पिंपाचं काय लोणचं घालायचंय?" पुढे मी बोलले नाही असं नाही, पण माझं बोलणं त्यांनी कितपत ऐकलं कोण जाणे.

त्याआधी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तुझं तू चाखून जा.

तुझी,
ताई

*

रविवार, २१ जून

प्रिय हुंग्या,

आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याचं आईकडून कळलं.

बुधवारी दुपारी तू दारात उभा राहिलास, दुकानाच्या निळ्या शर्टात, बाहीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका. दोन वर्षांनी भाऊ समोर दिसला आणि मी काय विचारावं, तर "जेवलास का?" तू म्हणालास, "हो." आपल्या घराण्यात याच्यापुढे भाषण जात नाही.

खिळा तू काढावास म्हणून मी बाजूला झाले. "तूच काढ, माझी सवय गेली," म्हणालास. मी काढला, ग्लास भरून तुझ्या हातात दिला, आणि तू तो नाकाकडे नेलाच नाहीस. सरळ घोट घेतलास, गिळलास आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलास.

"कशी आहे?" मी विचारलं.

"तू सांग."

"मी कशाला? तुझी आहे ती."

"मला आता कळत नाही गं ताई. आंबट आहे एवढं कळतं. बरी की वाईट, ते तू म्हणशील तसं."

"उत्तम आहे. मी आजवर चाखलेल्यांत सगळ्यात उत्तम."

तू आणखी एक घोट घेतलास, परक्यांच्या घरी घेतात तसा लहान आणि सभ्य. मग म्हणालास, "मग असेल."

तू ओरडशील, ‘सांगितलं होतं ना’ म्हणशील, ग्लास आपटशील, या सगळ्याची तयारी मी आठवडाभर करत होते. ‘मग असेल’ची तयारी नव्हती. त्यात रागसुद्धा नव्हता. तू ग्लास धुतलास, पालथा घातलास, आईसाठी आणलेली संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिलीस आणि बस चुकेल म्हणून निघालास. मी फाटकापर्यंत आले आणि बसच्या वेळेबद्दल काहीतरी बडबडले.

गुरुवारी पिंप टाकीत गेलं. सकाळी मी मालकांना पुन्हा विचारून पाहिलं. ते कोणाशी तरी फोनवर बोलत होते, त्यांनी हातानेच ‘नंतर’ म्हणून सांगितलं. पंप चालू झाला तेव्हा नळी धरायला मीच उभी होते. पिंप रिकामं व्हायला एक तासही लागला नाही. टाकीतली बिअर खरंच सुधारली. मालकांनी ती चाखली आणि सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी म्हटलं, हे धाकट्याचं काम आहे. तर म्हणाले, "ते खरं, पण ओळखलं तर तुम्हीच ना." मी मान खाली घालून उभी राहिले, आणि त्यांना तो माझा विनय वाटला.

आता मुळाशी येते. मागच्या पत्रात मी चूक झाली असं लिहिलं. ती चूक नव्हती.

तू कामाला लागायच्या आधी, मी स्वतः नवी होते तेव्हा, मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या पिंपवाल्याने असंच तार धरलेलं एक पिंप दाखवलं होतं. तसंच तेलकट, तसंच बुळबुळीत. मी नाक मुरडलं, तर तो म्हणाला, "पोरी, आजारी माणसाला दर तासाला उठवून बरं वाटतं का विचारत नाहीत. निजू दे." पाच महिन्यांनी ते निवळलं. मी माझ्या जिभेने चाखलं. म्हणजे तुझी पिंपं आजारी पडली तेव्हा त्यांचं काय होणार ते मला ठाऊक होतं, तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तू अंदाजाने बोलत होतास, मी तर ते होताना पाहिलं होतं.

तरी लिहिलं, ‘ओतून द्यावी.’

का, तर त्याच्या आदल्या महिन्यात मी चांगलं म्हणून सोडलेल्या एका पिंपाला तू शिरक्याचा वास येतोय म्हणालास, आणि पंधरा दिवसांत त्याचा शिरका झाला. तेव्हापासून मालक नमुन्याचा ग्लास आधी तुझ्यापुढे धरायला लागले. एवढंच. अकरा वर्षं जो ग्लास पहिल्यांदा माझ्या हातात यायचा, तो एक हात पलीकडे गेला. ज्याला मी बोट धरून शाळेत नेलं, ज्याला घोट मोजायला शिकवलं, त्याचा मला मत्सर वाटला. लिहिताना अक्षर नेहमीसारखंच आलं. वाटलं, जाऊन जाऊन सहा पिंपं जातील. तू भांडशील, महिनाभर तोंड फुगवशील, पुन्हा भरशील. तू माझ्यावर विश्वास ठेवशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि तू ठेवलास. पिंपं गेली त्याचं तुला फार वाटलं नसावं. ताई म्हणते बिघडली, आणि आपल्या जिभेला ती चांगली लागते, म्हणजे आपली जीभच खोटी, असा तू हिशेब केलास, आणि जिथे आकडा दाबला की रंग निघतो तिथे जाऊन बसलास.

आता मी काय करू, सांग. बिअर चांगली आहे म्हटलं, तर तू ‘मग असेल’ म्हणालास. ताईने मुद्दाम केलं असं आज लिहिते आहे, तर त्यालाही तू ‘मग असेल’च म्हणशील, आणि आकडा दाबायला जाशील. मी एक वाक्य लिहून तुझी जीभ काढून घेतली. परत द्यायला बसले, तर माझ्याकडे पुन्हा वाक्यंच आहेत. गेले तीन दिवस यावर विचार करते आहे, आणि काही सुचलेलं नाही. आईला सांगितलं तर ती मला माफ करून टाकेल, म्हणून तिलाही सांगितलेलं नाही.

नळी लावायच्या आधी एक बाटली भरून घेतली होती, मालकांना न विचारता. ती या पत्रासोबत पाठवते आहे. पिंपातून थेट भरली आहे, फेस येणार नाही. तशीच ठेवून दिलीस किंवा मोरीत ओतलीस, तरी मला काही म्हणायला तोंड नाही. पण उघडलीस, तर घरात कोणी नसताना उघड. कोणाच्या तोंडाकडे बघू नकोस.

आणि कशी लागली ते मला कळवू नकोस. चांगली म्हणालास तर मी मान डोलावेन, वाईट म्हणालास तर समजूत घालायला बसेन, आणि काही झालं तरी निकाल पुन्हा माझाच होईल. आईला मात्र फोन करत जा.

तुझ्या जिभेला घाबरलेली,
तुझी ताई