बुजवलेलं दार

३ नोव्हेंबर २०१९, रविवार
आले एकदाची आखातात! बिन महमूद भागातला फ्लॅट छोटा आहे, पण स्वयंपाकघरात छान ऊन येतं. आज ऑफिसच्या गाडीनं दक्षिणेला, अल वक्राला गेले. जुनं गाव अगदी समुद्राला लागून. गल्ल्या इतक्या अरुंद, की भर दुपारीही कुठल्यातरी भिंतीची सावली मिळतेच. पोवळ्याच्या दगडाची घरं, त्यावर पांढरा गिलावा, हाताला गार लागणारा. २०२२च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी यातली काही घरं दुरुस्त करायची आहेत. नाशिकमध्ये दहा वर्षं फ्लॅटचे प्लॅन काढले. आता कुठे आर्किटेक्ट झाल्यासारखं वाटतंय.

५ नोव्हेंबर
मुख्य गवंडी अश्फाकभाई रत्नागिरीचे, बावीस वर्षं इथे. आम्हाला दुरुस्त करायचं घर त्यांनी फिरवून दाखवलं. जाळीच्या खिडक्या, सागवानी दार, आणि मागे बिनखिडकीची एक खोली: मदबसा. जमिनीत समांतर पन्हळी आहेत. त्यांवर खजुराची पोती थरावर थर रचायची. आपल्याच वजनानं खजूर चेपतो आणि पाक रांजणात उतरतो. तिथे रहमान छताचे वासे बदलतोय. महाडकडचा, तिशीतला सुतार. मी मोजमापं घेताना टेपचं टोक धरतो आणि बायकोबद्दल सांगत बसतो. नूरीला सातवा महिना आहे.

१२ नोव्हेंबर
सकाळी मदबशाचं छत कोसळलं. रहमान आत. पाय अडकले होते, पण बोलत होता. अश्फाकभाई दगड उचलायला लागले, तेवढ्यात सुरेश सर आले. आमचे मॅनेजर, पुण्याचे, कधी कुणावर न ओरडणारे. म्हणाले, काम बघायला वर्ल्ड कप समितीचे पाहुणे दहा मिनिटांत पोचतील, हे दिसलं तर साइट बंद होईल. ते गेले की काढू, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. दारावर ताडपत्री लावून घेतली. मग मला म्हणाले, "नमिता, जरा मोठ्यानं बोल."

मी बोलले. जाळ्यांबद्दल, सागवानाबद्दल, समुद्राच्या वाऱ्याबद्दल. आतून "मॅडम, पाणी" असं आलं की मी आवाज चढवायचे. पाहुण्यांना घर फार आवडलं. त्यांनी कॉफी घेतली, फोटो काढले. दोन तास.

ते गेले तेव्हा आत शांत होतं.

१३ नोव्हेंबर
कुणी डोकावूनही बघितलं नाही. सरांनी दार बुजवायला सांगितलं. अश्फाकभाईंनीच बुजवलं. गिलावा सुरेख झाला. कागदोपत्री रहमान काम सोडून फरार.

१६ नोव्हेंबर
नूरीचा फोन. रहमाननं तिला माझा नंबर देऊन ठेवला होता. म्हणाली, "मॅडम, मला न सांगता ते पळतील कसे?"
मी म्हणाले, मला काहीच माहीत नाही.
तिनं माझे आभार मानले.

१९ नोव्हेंबर
नवे पाहुणे. मी बोलायला सुरुवात केली आणि भिंतीतून आलं: मॅडम, पाणी. आठवडा झालाय. आठवडा! पाहुण्यांपैकी कुणी मान वळवली नाही. अश्फाकभाईंना विचारलं, ऐकलंत? ते थापी धुवायला निघून गेले.

२० नोव्हेंबर
मी गप्प झाले की तो गप्प. मी तोंड उघडलं की—
सरांना सांगितलं, पोलिसांत जाते. रागावले नाहीत. म्हणाले, शुक्रवारी सुट्टी आहे, अश्फाकला घेऊन आधी उघडून बघ. मग मीच फोन करतो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार
अश्फाकभाईंनी भगदाड पाडलं. आधी मी शिरले. नुसते दगड. रहमान कुठेच—
मागचा उजेड कमी झाला. अश्फाकभाई दगड परत रचत होते. मी ओरडले, हातानं ढकलत राहिले. ते एवढंच म्हणाले, "माफ करा मॅडम. माझ्या दोन मुली इथल्या शाळेत आहेत." रडत होते. थापी चालूच होती.

रेंज नाही. मोबाइल चार टक्के. त्याच्याच उजेडात लिहिते आहे. कुणाला सापडलं तर नूरीला—

दगडांखालून हात आला. गरम आहे. माझं मनगट धरलंय. मी म्हणाले, रहमान, चुकले मी, मला—

पाणी मागत नाहीये. म्हणतोय, मॅडम, माझा घसा बसला, आता तुम्ही हाका मारा. म्हणतोय, कुणी येईपर्यंत मी हात सोडणार ना—