मागच्या दारची बादली

आई,

घावनांचं पीठ ओट्यावर झाकून ठेवलं आहे.

तोंडावर सांगायचा धीर नाही, म्हणून लिहिते. चिपळूणच्या हॉस्पिटलातली नोकरी मी घेत नाहीये. कामावर जाताना बूथवरून फोन करून त्यांना कळवते. तुम्ही शेजारी सांगूनही टाकलंत, ठाऊक आहे. रागवा हवं तर.

तिथे नेमणुका, रजा सगळं शिस्तीत चालतं, माझ्यावाचून काही अडणार नाही. आमच्या मासळीच्या कारखान्यात कोळंबी सोलणाऱ्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा आत्ता कुठे मिळायला लागली आहे. ती बंद करू बघणारे आहेत, आणि ऑफिसात त्यांच्याशी भांडणारी मी एकटी.

सहा वर्षं हे जमलं ते तुमच्यामुळे. ज्या घरात लसूणही शिजत नाही, तिथे सुनेच्या अंगाला येणाऱ्या मासळीच्या वासाला तुम्ही कधी नाकाला पदर लावला नाहीत. मी यायच्या वेळी मागच्या दारी कढत पाण्याची बादली आणि लिंबाची फोड असायचीच.

बादली आजपासून उचलू नका, गुडघा दुखतो तुमचा. पाणी मी आल्यावर तापवीन. फोड मात्र तुम्हीच ठेवा. ती दिसली, की राग गेला असं समजेन.

मंजिरी